मजल दरमजल

जळगाव नकाशावर कधी सबंध सापडत नाही. एकवीस अंशांची अक्षांशरेषा त्याच्या अंगावरून गेलेली, आणि सर्व्हे ऑफ इंडियाची शीटं नेमकी त्याच रेषेवर कापलेली. रेल्वे स्टेशन ४६ ओ/१२ वर, मेहरूणचा तलाव ४६ पी/९ वर. पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा एखाद्या पाझर तलावाचं पाणलोट असं दोन शीटांत गेलं की आम्ही दोन्हींचं ट्रेसिंग काढायचो, कडा सेलोटेपने जोडायचो आणि मग क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर फिरवायचो. जोडावर कंटूर, म्हणजे समान उंचीची रेघ, कधी जुळायचा, कधी केसभर सरकायचा. साहेब चष्मा वर करून विचारायचे, "हा डोंगर इथे तुटला कसा?"

त्यामुळे निवृत्तीनंतर दिवाळीत भाची पुण्याहून आली आणि तिने लॅपटॉपवर एक नकाशा उघडून म्हटलं, "मामा, बघ, अमेरिकन लष्करानेही तुझं जळगाव कापलंय," तेव्हा मी फराळाचं ताट बाजूला ठेवून जवळ सरकलो. भाची जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशांचं काम करते. तिने उघडलेला नकाशा यू-५०२ मालिकेतला होता. अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात भारत-पाकिस्तानची ही मालिका अडीच लाखास एक या प्रमाणात काढली, आणि टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. एनएफ ४३-११ वर जळगावचं डोकं, ४३-१५ वर धड. ज्यांनी आमचा देश बहुधा पाहिलाही नसेल अशा लोकांनी वॉशिंग्टनमध्ये बसून पारोळा, एरंडोल, धरणगाव अशी नावं एकेक करून लिहिली होती. मला गंमत वाटली, आणि थोडं कसंतरीही वाटलं. परक्याच्या वहीत आपल्या घराचा पत्ता दिसावा तसं.

लष्कराने लष्करासाठी काढलेला नकाशा म्हणजे त्यात लढाया असणार, अशी माझी समजूत. सर्व्हेच्या खुणांच्या तक्त्यात रणभूमीसाठी दोन तलवारींची फुली आणि शेजारी साल, अशी खूण आहेच. नोकरीभर ती तक्त्यात पाहिली होती, शीटवर शोधायची वेळ कधी आली नव्हती. पाझर तलावाला तलवारींचं काय काम! म्हटलं, आता वेळच वेळ आहे. थाळनेर आहे, अंबापाणी आहे, चिमठाणे आहे. खानदेशात लढाया काय कमी झाल्या?

तो हिवाळा मी तलवारी शोधण्यात घालवला. उघडलेल्या एकाही शीटवर त्या सापडल्या नाहीत.

पहिली फजिती भुसावळची. अमेरिकन नकाशावर भुसावळ जंक्शन ठसठशीत, पण आयुध निर्माणीचा पत्ता नाही. मी लगेच भाचीला फोन केला. म्हटलं, बघ, लपवलंय! लष्करी कारखाना मुद्दाम गाळलाय. वरणगावचाही नाही. ती म्हणाली, "मामा, खालचा समास वाच." समासात छोट्या टायपात लिहिलं होतं की हा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या आधीच्या शीटांवरून तयार केला आहे, आणि कोपऱ्यात कोणता भाग किती भरवशाचा याची छोटी आकृतीही होती. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. छापण्याचं वर्ष नवं असलं तरी जमिनीवर साखळी ओढणारा माणूस त्या आधी कधीतरी चालून गेला होता. तो गेला तेव्हा तिथे काळी माती आणि कापूस असणार. जळगावची धावपट्टीही तशीच. ती १९७३ ची, तेव्हा ती तरी कुठून दिसणार?

नकाशाला दोन वयं असतात, एक पाहणीचं आणि एक छपाईचं. ही गोष्ट मी नोकरीत नव्या पोरांना शिकवायचो. स्वतःच्या हौसेच्या वेळी साफ विसरलो. आता उलटही खरं आहे. आज सर्वसामान्यांसाठी निघणाऱ्या नकाशांवर संरक्षणाच्या जागा खरोखरच गाळलेल्या असतात. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक मालिका आणि लोकांसाठी दुसरी, अशी फारकतच करून टाकली. पण प्रत्येक कोऱ्या जागेमागे गुपित असतं असं धरून चाललं की माणूस माझ्यासारखा रात्री अकरा वाजता भाचीला फोन करतो.

दुसरी फजिती मोठी होती, आणि तिच्यात मला जास्त रस आहे.

एका परिचितांकडे कापडावर चिकटवलेली एक इंची शीट मिळाली. एक इंचाला एक मैल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तुकडे करून, मध्ये बोटभर फट ठेवून कापडावर डकवलेली, म्हणजे घोड्यावर बसून घडी घालता यावी. वास जुन्या गोधडीसारखा. आम्ही ती खिडकीच्या उजेडात अंथरून मोबाइलने टिपली. भाचीने चार कोपऱ्यांचे छापलेले अक्षांश-रेखांश क्यूजीआयएस या तिच्या नकाशांच्या प्रोग्राममध्ये भरले आणि शीट आजच्या उपग्रहचित्रावर टाकली.

आग्रा रोड कपाशीच्या शेतांतून निघाला. मुडावदचा पांझरा-तापीचा संगम कोणाच्या तरी केळीच्या बागेत जाऊन पडला. अक्षांश बरोबर, उत्तर-दक्षिण सगळं जागच्या जागी, पण सगळा मुलूख पूर्वेला सरकलेला. मोजलं तर चार किलोमीटरांहून जास्त. भाची म्हणाली, "तू कोपरे चुकीचे वाचलेस." मी म्हणालो, "तेहतीस वर्षं कोपरेच वाचले." दोन तास भांडलो. बहिणीने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला उचलून नेला.

उत्तर पुन्हा समासातच होतं. तुकड्याच्या कडेला, घडीत अर्धी मेलेली ओळ. त्या काळी भारतातले सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजत, आणि त्या वेधशाळेचा ग्रिनिचपासूनचा रेखांश ८० अंश १७ मिनिटं २१ सेकंद असा धरलेला होता. पुढे तारायंत्राच्या मदतीने वेळ जुळवून पाहिली तेव्हा तो ८० अंश १४ मिनिटं ५४ सेकंद निघाला. फरक दोन मिनिटं सत्तावीस सेकंदांचा. आपल्या अक्षांशावर एवढ्याशा फरकाचे सव्वाचार किलोमीटर होतात. म्हणजे अख्खा हिंदुस्थान कागदावर सव्वाचार किलोमीटर पूर्वेला होता, आणि सगळाच एकत्र सरकलेला असल्यामुळे कोणाचंही काही अडत नव्हतं. गावापासून गावाचं अंतर बरोबर, रस्त्याचं वळण बरोबर. चूक कळायला बाहेरचं कोणीतरी लागतं. आमच्या बाबतीत तो उपग्रह होता.

तेवढे वजा केल्यावर संगम संगमावर आला. नंतरच्या शीटांना ही अडचण नाही, तिथे फक्त शे-सव्वाशे मीटरची खोट राहते. ती एव्हरेस्ट साहेबाच्या गोलाभामुळे. पृथ्वीचा आकार त्या मापात जरा वेगळा धरलेला आहे, आणि ती दुरुस्ती भाचीच्या संगणकाला आधीच पाठ होती.

आणि पुन्हा जळगाव! लष्करी नकाशांवर यार्डांची जाळी छापलेली असते, तोफखान्याला चौकोनाचा आकडा सांगता यावा म्हणून. सबंध हिंदुस्थानचे त्यासाठी पट्टे पाडले होते, आणि दोन-ए आणि तीन-ए या पट्ट्यांची शीव म्हणजे तीच एकवीस अंशांची रेषा. दोन-ए चा आरंभबिंदू २६ उत्तर, ७४ पूर्व. तीन-ए चा १९ उत्तर, ८० पूर्व. त्यामुळे जळगावच्या वरची जाळी एका बाजूला किंचित कललेली, खालची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकमेकींना दोनेक अंशांनी तिरक्या भेटतात. तोफ स्टेशनजवळ आणि लक्ष्य मेहरूणला असतं तर त्या सुभेदाराने आधी कोणाच्या नावाने शिव्या घातल्या असत्या ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या साहेबांना तुटलेला डोंगर दिसायचा, त्याला तुटलेलं जळगाव दिसलं असतं.

शीट जागेवर बसल्यावर थाळनेरला जायचं ठरवलं. जाण्याआधी चार दिवस धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून १८८० च्या गॅझेटियरचा खानदेशाचा खंड वाचला. महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना लिहून दिला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा. त्याच्या मालकाने किल्ला आधीच कागदावर देऊन टाकलेला होता. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज समोर आली आणि आतून गोळीबार झाला. दरवाजे पडले, आतल्या दरवाजाशी शरणागतीची बोलणी चालू असताना चकमक उडाली, इंग्रज अधिकारी पडले, आणि मग आतली अरबांची शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला फाशी दिलं. पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिस्लॉपच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा थाळनेरचा काटा तिथेही टोचला.

शीटवर यातलं काय? किल्ल्याची खूण, आणि नदीवर नावेची. बस्स.

पण कंटूर आणि नाल्यांच्या रेघा बघत बसलो तर वेगळंच दिसायला लागलं. एका अंगाला तापी, बाकीच्या तिन्ही अंगांनी खोलगट नळीसारखी जमीन, आणि तिच्यापलीकडे गाव. आम्ही स्कूटरने पोचलो तेव्हा फारुकी राजांच्या घुमटांवर पारवे घुमत होते आणि पोरं सावलीत मोबाइल खेळत होती. तटाचा फार भाग उरलेला नाही. पण त्या खोलगट वाटेत उतरून वर पाहिलं तेव्हा माझ्यातला उपअभियंता बोलला: इथे तळाशी उभ्या असलेल्या माणसाला किल्ल्यातलं काही दिसत नाही, आणि किल्ल्यातल्याला तळाचा माणूस फक्त पलीकडच्या काठावर आला तरच दिसतो. तोफ कुठे ठेवतील? पलीकडच्या काठावर, घरांच्या आडोशाला. गॅझेटियर वाचताना जे वाक्य नुसतं वाक्य होतं ते पायांना कळलं. भाची तोवर वर जाऊन फोटो काढत होती. ती ओरडली, "मामा, तू दिसत नाहीयेस!" म्हटलं, तेच तर.

अंबापाणीने मात्र दाद दिली नाही. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात भिल्लांची आणि इंग्रज फौजेची मोठी लढाई तिथे झाली. खाज्या नाईक, भीमा नाईक यांचं बंड. पण आंबा आणि पाणी या दोन गोष्टी जिथे एकत्र असतील तिथे सातपुड्यात अंबापाणी असतं. शीटांवर शोध घेतला की या डोंगरात एक, त्या डोंगरात एक, कुठे आंबापाणी, कुठे अंबापावणी. नकाशाचा इंग्रज मुनशी जे ऐकेल ते लिहायचा, आणि ऐकवणारा पावरी किंवा भिल्ली बोलायचा. दोन रविवार घालवले आणि सोडून दिलं. हा जिल्हाही शीटांवर किती रूपांत भेटतो! १९०६ पर्यंत एक खानदेश, मग ईस्ट आणि वेस्ट, धुळ्याचं धुलिया, आणि नंदुरबार जिल्हा होणार १९९८ ला. शोधपेटीत नाव टाकून काहीच सापडत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं.

चिमठाणे सोपं होतं, कारण तिथला काळ जवळचा. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू, त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोट फुटून निम्मी गोदी जळाली, आणि इकडे धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साडेपाच लाखांच्या आसपास. साताऱ्याकडच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी त्यात होते. लहानपणी ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली की त्यातला प्रत्येक जण तिथे हजर होता असं वाटायचं.

त्या गोष्टीतली माणसं मला पाठ होती, जमीन कधी दिसली नव्हती. एक इंची शीट काढली आणि लाल पेन्सिलने तीन गोष्टी रंगवल्या: पोलीस ठाणी, तारेच्या लाइनी, रेल्वे. ताप्ती व्हॅलीची रेल्वे नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा अशी वर तापीच्या बाजूने जाते, आणि तार तिच्या कडेने. सडक खाली बुराईच्या खोऱ्यातून. लाल रेघा भरून झाल्यावर शीट दूर धरली तर सडकेचा तो तुकडा पांढरा राहिला होता. बातमी ठाण्यावर पोचायला आधी माणूस धावायला हवा, असा तुकडा. ही माझी वाचणूक आहे, कोणाच्या आठवणीतली नाही. पण पाटबंधाऱ्यात धरणाची जागा निवडताना आम्ही असंच करायचो. काय आहे ते रंगवत जायचं, उरलेलं पांढरं बघायचं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. त्याच लाल पेन्सिलने मला ती सापडली.

पोलीस ठाण्यांची 'पी.एस.' ही अक्षरं शोधताना आग्रा रोडच्या कडेला पुन्हा पुन्हा दुसरी दोन अक्षरं डोळ्यांखालून जात होती. 'सी.जी.'. डाकबंगल्याचं 'डी.बी.' माहीत होतं, तपासणी बंगल्याचं 'आय.बी.' तर आमचं रोजचंच. 'सी.जी.' तक्त्यात पाहिलं: कॅम्पिंग ग्राउंड. म्हणजे पडाव. पलटण चालत जाताना रात्रीच्या मुक्कामाची राखून ठेवलेली जागा.

कंपासपेटीतला डिव्हायडर काढला. मुंबई-आग्रा रस्ता पूर्वापार फौजांचा. मालेगाव, झोडगे, आर्वी, धुळे, सोनगीर, नरडाणा, मग सावळद्याला तापी ओलांडून शिरपूर, पळासनेर, आणि घाट चढून सेंधवा. या रस्त्याने मी चाळीस वर्षं एसटीने जातोय. ही गावं एवढ्या सारख्या अंतरावर का आहेत असा प्रश्न एकदाही पडला नाही. डिव्हायडरची टोकं टेकवत गेलो. दहा मैल, बारा मैल, अकरा, कुठे चौदा. पाठीवर ओझं आणि मागे बैलगाड्या असलेली पलटण एका दिवसात जेवढी जाते तेवढं.

मजल! मजल दरमजल करत अमुक सरदार तमुक ठिकाणी पोचला, हे शाळेपासून वाचलं. तो शब्द माझ्यासाठी नुसता तुतारीसारखा होता, इतिहासाच्या पुस्तकात वाजायचा. त्याला मैलांत माप आहे, ते माप डिव्हायडरने मोजता येतं, आणि आपण ज्या थांब्यांवर उतरून भजी खातो ते थांबे त्याच मापाने पडलेत, हे त्या रात्री टेबलापाशी कळलं. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, बारा मैल." ती झोपायला गेली.

मग मला एक मजल चालून बघायचीच होती. साठी उलटलेली, डावा गुडघा कुरकुरतो. भाचीने रजा काढली. डिसेंबरात एका पहाटे निघालो, एका पडावापासून पुढच्यापर्यंत. गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे जागेचा वाद आहे, तो पुढे येईल.

चौपदरी रस्त्याने चालण्यात अर्थ नव्हता, ट्रकच्या वाऱ्याने टोपी उडते. पण जुन्या शीटचा रस्ता मोबाइलवर चढवलेला होता, आणि तो नव्याला ठिकठिकाणी सोडून जातो. दोन ठिकाणी तो गाडरस्ता म्हणून शिल्लक आहे. कडेला लिंबाची म्हातारी झाडं, एका नाल्यावर चुन्यात बांधलेली छोटी मोरी. तिच्या कमानीचे दगड इतके नीट बसवलेले की मी खाली वाकून हात फिरवला. आमच्या काळातल्या कित्येक मोऱ्या मी स्वतः पुन्हा बांधल्यात. ही कोणी बांधली, कोणी मोजली, बिल कोणी काढलं? भाची म्हणाली, "चल मामा, ऊन चढतंय."

सातव्या मैलाला गुडघ्याने बंड केलं. बांधावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. फौजा रात्री दोन-तीनला निघायच्या, ऊन चढायच्या आत मुक्कामाला पोचायच्या. आम्हाला पोचायला दोन वाजले.

पाराखाली एक आजोबा बसले होते. पांढरी बंडी, हातात काठी. आमच्याकडे, मग रस्त्याकडे बघितलं.

"गाडी कोठे शे?"

"पायी उनूत, बाबा." मी गावाचं नाव सांगितलं.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सहा कोस शे ते." आणि लगेच, "मोजणीवाला शेतस का तुम्ही?"

सहा कोस. भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मोबाइलमध्ये एकोणीस किलोमीटर आणि काही मीटर झाले होते. मोजणीवाले नाही म्हटल्यावर आजोबांचा चेहरा जरा पडला, पण नकाशा दाखवला तसे ते उठले. 'सी.जी.' चा अर्थ सांगायची गरजच पडली नाही. "पडाव," ते म्हणाले. "तठे शे. मन्हा आजला सांगे, गोरासन्या पलटनी उतरेत आठे. अंडा-कोंबड्या लपाडी ठेवेत लोके."

पडाव म्हणजे आता बाभळी, उकिरडे, एक क्रिकेटची खेळपट्टी, आणि अर्ध्या भागावर तारेचं कुंपण. त्या कुंपणावरून वाद आहे. कोणी म्हणतं गावठाण, कोणी म्हणतं मिलिटरीची जागा, कोणी सातबारा दाखवतं. मी त्यात पडलो नाही. मला शीटवरची बांधीव विहीर बघायची होती.

विहीर होती. मोटर बसवलेली, काठ सिमेंटने नवा केलेला. पण तिच्या अंगाला दगडी हाळ होती, जनावरांना पाणी पाजायची. चिऱ्यात घडवलेली, कडा घासून गोल झालेल्या. मी टेप लावला. बावीस फूट. गावात दुसरी हाळ आहे का विचारलं, तर आजोबांनी मारुतीच्या देवळामागची दाखवली. ती नऊ फूट. गावच्या गुराला नऊ फूट पुरतं. ते एकेक करून येतं, पितं, जातं. बावीस फूट लागतात ते एकाच वेळी खूप बैल, खूप घोडे तहानलेले आले तर. मी डायरीत आकृती काढली, लांबी-रुंदी-खोली लिहिली. सवय जात नाही.

आजोबांना नकाशाची प्रिंट हवी होती. "हाऊ कागद कोर्टमा चाली का?"

म्हटलं, बाबा, हा नुसता नकाशा. यात जागेची खूण आहे, मालकी नाही. मोजणीला चालणार नाही, कोर्टातही नाही. दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि प्रिंटच्या चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

एसटी साडेचारला मिळाली. खिडकीची जागा भाचीने घेतली. गाडी वळली तेव्हा विहिरीवरची मोटर चालू होती. पाइप हाळेच्या एका टोकाशी सोडलेला, तिथे एक म्हैस पाणी पीत उभी होती. बाकीची हाळ कोरडी होती, तिच्यात पोरांनी क्रिकेटचे स्टंप ठेवले होते.